नवी पिकअप घ्यावी की लष्कराचा जुना ट्रक?

प्रश्न : आम्हा दोघा भावांची मिळून नऊ एकर केळी आहे आणि मृगबागेची, म्हणजे मृग नक्षत्राला लावलेल्या बागेची कटाई नेमकी पावसाळ्यात येते. आमचे वावर डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत असून मधली गाडवाट सगळी काळ्या मातीची आहे. पाऊस लागला की व्यापाऱ्याचा ट्रक आत यायला तयार होत नाही, मजूर घड वाहण्याचे जादा पैसे मागतात आणि कापलेला माल बांधावर पडून राहतो. एका कटाईला तीन ते सव्वातीन टन माल निघतो. सावद्याच्या पॅकहाऊसला, म्हणजे माल निवडून बांधणाऱ्या केंद्राला, माल घातला तर भाव बरा मिळतो, परंतु ते आमच्यापासून बावीस किलोमीटरवर आहे. म्हणून स्वतःचीच गाडी घ्यायचे ठरवले आहे. माझे मेहुणे सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यभर लष्कराच्या गाड्या चालवल्या. त्यांचे म्हणणे असे, की डिस्पोजलमधला, म्हणजे लष्कराने वापरातून काढून विकलेला, जुना शक्तिमान ट्रक साडेचार लाखांत मिळतो आहे आणि तो कसल्याही चिखलातून बाहेर निघेल. मुलाचा आग्रह नव्या पिकअपचा आहे, पण तिला दहा लाखांच्या आसपास लागतील आणि कर्ज काढावे लागेल. घरात रोज वाद होतो. काय करावे?
(एक शेतकरी, यावल तालुका)

उत्तर : आपल्या मेहुण्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे कृपया समजू नका. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या तेथील व्हेईकल फॅक्टरीत तयार होत असे. नव्वदीच्या दशकात त्याची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियनने घेतली, तोपर्यंत डोंगरातल्या आणि वाळवंटातल्या ठाण्यांना रसद पोचवण्याचे काम प्रामुख्याने याच गाडीने केले. तिची चारही चाके ओढतात, ट्रान्स्फर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतला, खालचा गिअर टाकला की इंजिनाची ताकद सावकाश पण दमाने चाकाला मिळते, आणि पोट जमिनीपासून उंच असल्यामुळे दगडधोंड्यांवर ती अडत नाही. ज्याने ही गाडी बर्फातून आणि नदीच्या पात्रातून काढली आहे, त्याला आपली गाडवाट किरकोळ वाटणारच.

तरीही माझा सल्ला आपल्या मुलाच्या बाजूचा आहे, आणि त्याचे पहिले कारण आपल्या वावरातच आहे. आपली काळी माती पावसात फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि चाकाला चिकटून त्याच्या खाचा भरून टाकते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत झाल्यासारखाच असतो, मग तो चार चाकांनी ओढणारा असो की दोन. डोंगरातल्या मुरमाड वाटेवर शक्तिमानचे वजन त्याच्या उपयोगाचे असते, कारण ते चाकाला पकड देते; ओल्या काळ्या मातीत तेच वजन त्याला खाली घेऊन जाते. एकदा त्याची धुरी मातीला टेकली की ट्रॅक्टर त्याला बाहेर काढू शकणार नाही, जेसीबी बोलवावा लागेल, आणि तो येईपर्यंत आपल्या शेजाऱ्यांचीही वाट बंद होईल. शिवाय केळीची बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फुटातच पसरलेली असतात. ओल्या जमिनीवरून नऊ-दहा टनांची गाडी दोन-चार वेळा गेली, तर खालचा थर असा घट्ट बसतो की पुढच्या लागवडीपर्यंत तेथे पाणी मुरत नाही. ठिबकच्या सबमेनचे पाईप चाकाखाली आले तर ते फुटतात आणि फुटल्याचे ध्यानात येईपर्यंत दोन ओळी सुकलेल्या असतात.

दुसरे कारण मालाचे आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. शक्तिमानचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, चार-पाच टनांच्या ओझ्याच्या हिशेबाने बसवलेले असतात. त्यात तीन टन माल भरला तर पाटे पुरेसे दबत नाहीत आणि खड्ड्याखड्ड्याला हौदा उसळतो. दारूगोळ्याच्या पेटीला त्याने काही होत नाही, केळीला होते. घडाची साल भरताना हिरवीगार दिसते, परंतु रायपनिंग चेंबरमधून, म्हणजे केळी पिकवण्याच्या खोलीतून, फळ बाहेर आले की मार लागलेली जागा काळी पडलेली दिसते, आणि पॅकहाऊस तेवढ्या फण्या बाजूला काढते. ज्या भावासाठी आपण सावद्याला जाणार, तोच भाव वाटेत सांडून जायचा. त्यात या ट्रकचा हौदा उंच. वीस-बावीस किलोचा घड खांद्याच्याही वर उचलून देणारा मजूर दिवसभरात किती वेळा नीट देईल आणि किती वेळा टेकवेल, याचा विचार आपणच करावा.

डिझेलचा हिशेब मात्र वाटतो तितका एकतर्फी नाही. भरलेली पिकअप आपल्याकडच्या रस्त्यांवर लिटरला बारा किलोमीटरच्या आसपास देते, आणि शक्तिमान चालवलेली माणसे तीन-साडेतीनाच्या वरचा आकडा सांगत नाहीत. जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटरची पिकअपची एक खेप पावणेचार लिटरच्या आत होते आणि आपल्या एका कटाईला अशा दोन खेपा लागतील, म्हणजे साडेसात लिटर धरा. ट्रक तेवढाच माल एका खेपेत नेईल, पण साडेबारा लिटर पिईल. तोच ट्रक पूर्ण पाच टन भरून गेला असता, तर टनामागे दोघांत फार अंतर उरले नसते. आपल्याकडे एका वेळेस पाच टन निघतच नाहीत, हा खरा मुद्दा आहे. दुसऱ्या खेपेचे दोन-अडीच तास जादा जातात, हे पिकअपच्या खात्यात तोटा म्हणून लिहून ठेवावे.

आता कागदपत्रांकडे येतो. लष्कराच्या वाहनाची नोंदणी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६० खाली वेगळी असते; बंपरवर वर तोंड केलेला बाण आणि त्यापुढे गाडी घेतल्याच्या वर्षाचे दोन आकडे असतात, ते आपण पाहिले असतील. गाडी लष्करातून बाहेर पडली की तिला इतर कोणत्याही वाहनाप्रमाणे परिवहन कार्यालयात नव्याने नोंदवावे लागते. शिवाय जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५२-अ हा नियम आला आणि १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवणे बंद झाले. ती वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढायची आहेत. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामात असलेल्या चिलखती आणि तत्सम खास वाहनांना त्यातून वगळले आहे. शक्तिमानचे उत्पादन थांबूनच पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यामुळे आज कोणी शक्तिमान दाखवून ‘नुकताच डिस्पोजलमधून काढला’ असे सांगत असेल, तर तो केव्हा आणि कोणत्या लिलावातून बाहेर आला, त्याचे विक्रीपत्र कोठे आहे आणि महाराष्ट्रात त्याची नोंदणी झाली आहे की व्हायची आहे, हे तिन्ही कागदावर पाहिल्याशिवाय एक रुपयाही विसार देऊ नका.

मी हे इतक्या आग्रहाने लिहितो, कारण माझ्या एका स्नेह्यांसाठी असा ट्रक पाहायला मीच गेलो होतो. इंजिन पहिल्या फेऱ्याला सुरू झाले, गिअर लोण्यासारखे पडले, आणि आम्ही दोघेही हरखलो. पैसे दिल्यानंतर परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकांनी चासीवरचा क्रमांक घासून वाचला, तेव्हा विक्रीपत्रातला एक आकडा जुळेना. ८ च्या जागी ३ होता. विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. गाडी आठ महिने अंगणात उभी राहिली, तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या, आणि शेवटी ती लोखंडाच्या भावाने गेली. क्रमांक मी वाचला होता, पण कागदाशी ताडून पाहिला नव्हता. ती चूक माझी होती आणि तिची किंमत त्यांनी मोजली, याचे मला अजूनही वाईट वाटते.

नोंदणी झालेलीच असली तरी पुढचे ओझे संपत नाही. मालवाहू वाहन आठ वर्षांपेक्षा जुने झाले की योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते आणि पंधरा वर्षांवरील वाहनांसाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून कितीतरी पटींनी वाढले आहे. एवढ्या जुन्या गाडीला विमा बहुधा फक्त तृतीय पक्षाचा मिळतो. ती चालवायला जड वाहनाचा परवाना लागेल. आज मेहुणे आहेत, उद्या ते तीर्थयात्रेला गेले तर कटाई थांबवणार का? पिकअपचे तसे नाही. सकल वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळूनचे वजन, ७,५०० किलोच्या आत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केले आहे. म्हणजे आपल्या मुलाकडे मोटारीचा परवाना असेल तर तोच पुरेसा आहे. सकल वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिटही लागत नाही. बारीक दिसणारी ही गोष्ट दरवर्षीचे हेलपाटे वाचवते.

तरीही मेहुण्यांच्या शब्दाखातर तो ट्रक पाहायला जाणार असाल, तर रंगाकडे पाहू नका. पुढच्या चाकाच्या हबचा बोल्ट काढायला लावा आणि तेल बोटावर घ्या. ते ताकासारखे पांढरट असेल, तर आत पाणी शिरले आहे आणि बेअरिंग गेले आहेत असे धरून चाला. टायरची नक्षी कोरी दिसेल, कारण लष्कराच्या गाड्या धावतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. पण टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. दहा वर्षांपूर्वीचा टायर कितीही कोरा दिसला तरी त्याच्या रबराला नखाएवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि भर उन्हात ओझ्याखाली तो फुटतो. सील, ब्रेकचे वायसर, डिझेलचे पाईप यांची गतही तीच. आणखी एक, गाडी घेतलीत तर तिचा हिरवा रंग आधी बदलावा लागेल, कारण ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही वापरता येत नाही.

मग त्या दीड किलोमीटरचे काय? ते काम ट्रॅक्टरचेच आहे. घरी ट्रॅक्टर असेल तर एक हलकी ट्रॉली करून घ्या, नसेल तर कटाईपुरता भाड्याने घ्या, आणि घड वावरातच फण्या करून कॅरेटमध्ये भरा. कॅरेट ट्रॉलीतून पिकअपमध्ये सरकवताना फळाला हात लागत नाही. पिकअप डांबरी रस्त्यावरच उभी राहू द्या. याच्या जोडीला गाडवाटेवर मुरूम टाकून घेण्याच्या मागे लागा. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये राज्यात सुरू झाली आणि अशा रस्त्यांची मागणी ग्रामपंचायतीमार्फत जाते. त्या वाटेवरचे सगळे शेतकरी एकत्र सही करून गेले तर प्रस्ताव पुढे सरकतो. एकट्याचा अर्ज बहुधा कपाटातच राहतो. वाट झाली की व्यापाऱ्याचा ट्रकही आत येईल, आणि कदाचित तेव्हा आपल्याला गाडीची आजच्याइतकी गरजही वाटणार नाही.

पिकअप घेताना दीड ते पावणेदोन टन क्षमतेची पुरे. दोन टनांचीही मिळते, परंतु आपल्या दोन खेपांच्या हिशेबात तिचा जादा हप्ता बसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोटेशनमध्ये जुना दर लावलेला नाही ना, ते पाहा. सुरुवातीची रोख रक्कम शक्य तितकी जास्त भरा, म्हणजे हप्ता हलका होईल, कारण केळीचा भाव कोणत्या महिन्यात पडेल हे सांगता येत नाही आणि बँकेचा हप्ता त्याची वाट पाहत नाही.

आणि कळकळीची एक विनंती. मजुरांना मालावर बसवून नेऊ नका, पिकअपमध्येही नाही आणि ट्रॉलीतही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यातील किनगावजवळ रात्री पपई भरलेला ट्रक उलटला आणि किमान पंधरा मजूर मालाखाली दबून गेले. त्यांत बायाबापड्या आणि लेकरे होती. मालावर बसलेल्या माणसाला मालवाहू गाडीच्या विम्यात संरक्षण मिळत नाही. त्यांच्यासाठी एक रिक्षा वेगळी सांगा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे, तो आपण ऐकलाच असेल.

प्रश्न : आमच्याकडे लष्करातून बाहेर पडलेली जुनी निस्सान वन टन गाडी आहे. वडिलांनी ती परराज्यातून घेतली होती. अक्राणी तालुक्यातील घाटवाटांवर मोहाची फुले, आमचूर आणि किराणा वाहायला ती उत्तम चालते. तिच्यात आधीच्या मालकाने डिझेल इंजिन बसवले आहे. ती विकून नवी पिकअप घ्यावी काय?
(एक वाचक, धडगाव)

उत्तर : आपल्या वाटा मला ठाऊक आहेत. तोरणमाळकडच्या वळणांवर आणि नर्मदेच्या बाजूच्या पाड्यांकडे उतरणाऱ्या दगडी चढांवर वन टनसारखी गाडी आजही शोधून सापडत नाही; तेथे खाली काळी माती नसून खडक आहे, म्हणून वर यावलच्या शेतकऱ्यांना दिलेले उत्तर आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. कागद नीट असतील तर गाडी विकू नका, असेच मी सांगेन.

प्रश्न कागदांचाच आहे. वन टन आणि जीपसारखी जोंगा या जबलपूरच्या दोन्ही लष्करी गाड्यांना मुळात सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन होते आणि ते फार पिते, म्हणून बहुतेकांनी ते काढून डिझेल बसवले. तसा बदल परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. आपल्या नोंदणीपुस्तकात इंधनाच्या रकान्यात काय लिहिले आहे आणि इंजिनचा क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी जुळतो का, हे आज संध्याकाळीच कंदील घेऊन पाहा. जुळत नसेल, तर अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिले बोट तेथेच ठेवील. दुसरे, परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवली, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून ती येथे नंदुरबारच्या एम.एच.-३९ मध्ये नोंदवून घ्यावी लागते. वडिलांच्या नावावरून आपल्या नावावर करण्याचे काम त्याच वेळी उरकून घ्या.

हे होत नसेल, आणि मूळ मालकाचा पत्ताच लागत नसेल, तर मात्र मन घट्ट करून ती गाडी रस्त्यावरून उतरवलेली बरी. घाटात ब्रेक निकामी झाल्यावर समोरच्या माणसाच्या घरच्यांना आपण काय देणार?

प्रश्न : पिकअप घ्यायचे नक्की केले आहे. चारचाकी ओढीची, म्हणजे फोर बाय फोर घ्यावी की साधी? आमचे शेत अनेर नदीच्या काठाला आहे.
(एक शेतकरी, चोपडा तालुका)

उत्तर : नदीकाठची आपली वाट रेताड असेल तर फोर बाय फोरचा उपयोग होईल, कारण रिकाम्या पिकअपचे मागचे टोक हलके असते आणि रेतीत मागची चाके जागेवरच फिरतात. पण चारही चाके ओढतात म्हणून गाडी उंच होत नाही. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोरीत तिचा डिफरन्शियलचा, म्हणजे धुरीच्या मधला, गोळा मधल्या उंचवट्यावर घासतोच, मग ओढ कितीही असो. विक्रेत्याकडून गाडी एक दिवस मागून घ्या, दहा-बारा पोती भरून आपल्या वाटेवर न्या, आणि खाली वाकून त्या गोळ्याला माती लागली आहे का ते पाहा. लागली असेल तर फोर बाय फोरचे जादा पैसे गाडीत न घालता चाकोरी बुजवण्यात घाला.